पहिल्या दिवसाचा फळा

रविवार, २५ नोव्हेंबर १९३४. दुपारी मी सुइणींच्या वर्गाची खोली सारवत होते. दुसऱ्या दिवशी नवा वर्ग सुरू व्हायचा होता. भातं झोडून झाली की गावच्या सुइणी मोकळ्या होतात, म्हणून वर्ग नेहमी ह्याच दिवसांत. रत्नागिरीच्या दवाखान्याचा झाडूवाला रविवारी येत नसे. आला असता तरी सुइणींसाठी त्याने शेण कालवलं नसतं. मी शिकवणारी, तरी सारवण माझंच.

बाई उंबऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. बाई म्हणजे वर्गाच्या मुख्य. पुण्याला नर्सिंग शिकलेल्या, इथल्या एका वकिलाच्या घरातल्या. सहा वर्षं मी त्यांची मदतनीस होते.

"नावांची यादी दे."

मी हात धुतले, कोरडे केले, खिळ्याला अडकवलेली यादी काढली आणि पुढे केली.

"हातात नको. खाली ठेव."

खाली सारवण ओलं होतं. मी कागद त्यावर ठेवला. बाईंनी तो दोन बोटांनी उचलला, उलटा करून पाहिला. मागे शेणाचा डाग लागला होता.

"एक कागद स्वच्छ ठेवता येत नाही तुम्हां लोकांना. आणि गावाला स्वच्छता शिकवायला निघालात!"

त्यांनी यादी वाचली.

"ह्यात तुझ्यातल्या दोघी आहेत वाटतं."

"आहेत."

"त्या पडवीत. उद्या नऊ वाजता दवाखान्याच्या कमिटीच्या बायका वर्ग पाहायला येणार आहेत. फळा काळा करून ठेव. आकडे मोठे काढ, लांबून दिसले पाहिजेत."

"बाई, यंदा आकडे नकोत."

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवू."

बाईंनी यादी घडी करून पर्समध्ये टाकली. आवाज चढवला नाही. "उद्या फळ्यावर आकडे दिसले नाहीत, तर परवा तू इथे दिसणार नाहीस," म्हणाल्या आणि गेल्या.

मी पोतेरं उचललं. राहिलेला कोपरा सारवून टाकला.

आता ह्या आकड्यांचं सांगते.

दहा वर्षांपूर्वी मी ह्याच वर्गात शिकायला आले होते. तेव्हा तिशी ओलांडली होती. नवरा मुंबईच्या गोदीत कामाला होता, तिथेच वारला. सासू गावची सुईण. तिच्या हाताखाली मी सुईणपण शिकले. महारवाड्यातलं तर सगळं आमच्याच हातात, आणि वाडीवरच्यांनाही आमच्याशिवाय चालत नसे. नाळ कापायला, वार पुरायला, विटाळाचे कपडे धुवायला आम्हीच लागायचो. माझे वडील पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं होतं. म्हणून दवाखान्याचा वर्गाबद्दलचा कागद गावात आला तेव्हा तो मीच वाचला आणि मीच निघाले. भाट्याच्या खाडीवर तरवाल्याने मला शेवटच्या खेपेला घेतलं, होडीच्या टोकाला उभं राहण्याच्या अटीवर. ते नवं नव्हतं. मला वाटलं, पलीकडे शाळा आहे, तिथे वेगळं असेल.

आम्ही अकराजणी. दहाजणी खोलीत, मी पडवीत, खिडकीच्या गजांशी. तिथून फळा तिरका दिसायचा. बाईंचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू यायचा.

बाईंनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. नावं त्यांच्या कागदावर होतीच. एकेकीला उभं करून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुझ्या हातून किती मेले?"

मग ती जो आकडा सांगेल तो फळ्यावर, तिच्या नावापुढे.

ही त्यांची पद्धत होती. पुढे मी मदतनीस झाल्यावर त्यांनी मला समजावून सांगितली. "ह्या बायका गावातून ताठ्यात येतात. आम्हाला सगळं येतं म्हणून. पहिल्या दिवशी ताठा उतरवला की दोन महिने त्रास नाही." त्यांना ते मनापासून पटलेलं होतं. त्या लबाड नव्हत्या. हे मी लिहून ठेवते, कारण लबाड माणसाशी भांडणं सोपं असतं.

त्या दिवशी पहिली उठली ती हेदवीकडची गोदाक्का. कुणबी, साठीच्या पुढची. दोन दिवस चालून, खाडी उतरून आलेली. कमरेला विळा, खांद्यावर घोंगडी. गावातली निम्मी माणसं तिच्या हातात जन्मलेली.

"तुझ्या हातून किती मेले?"

गोदाक्काला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय बोललांत बाय?"

"मेले. बाळंतिणी, पोरं. किती?"

"गेली ती देवान नेली, बाय. माज्या हातात जी ऱ्हायली ती इचारा की. ती लय हायत."

बाई हसल्या. "म्हणजे मेली ती देवाची आणि जगली ती तुझी. बरी वाटणी केलीस गं!"

खोलीतल्या बायकाही हसल्या. काही भीतीने, काही आपली पाळी अजून आली नाही म्हणून. गोदाक्का उभीच होती. मग तिने घोंगडी झटकली, घडी केली, खांद्यावर टाकली. माझ्या खिडकीवरून गेली तेव्हा तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. मेलेली की जगलेली, मला कळलं नाही.

ती पुन्हा आली नाही.

माझी पाळी सगळ्यांत शेवटी. बाई खिडकीपर्यंत आल्या नाहीत, खोलीच्या मधूनच विचारलं.

"पडवीतली. किती?"

मला दोघी आठवत होत्या. एक माझ्या चुलतजावेची पोर. दुसरी खोताची सून. तिचं मला सांगायचं होतं. खोताच्या घरी मला दोन दिवस गोठ्यात बसवून ठेवलं होतं. आत सून ओरडत होती, ते ओरडणं मी गुरांच्या शेजारी बसून ऐकत होते. मूल आडवं असणार हे मला आवाजावरून कळत होतं. मी तीनदा आत निरोप धाडला. तीनदा उत्तर आलं, "अजून वेळ आहे." त्यांना नाळ कापायला मी हवी होते, त्याच्या आधी नको. तिसऱ्या दिवशी मागच्या दारातून आत घेतलं. तिचे पाय गार पडले होते. मूल मेलेलं होतं. मी हात लावला तेव्हा करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. पण गावात बोललं गेलं ते असं: महारणीच्या हातात गेली.

"बाई, त्यातली एक अशी होती की मला आत—"

"कारणं नकोत. आकडा सांग."

"दोन," मी म्हटलं.

फळ्यावर माझ्या नावापुढे दोन लागले. खोताची सून माझ्या नावावर गेली. खोत, त्याची म्हातारी, तो गोठा, ते तीन निरोप, ह्यांतलं काही फळ्यावर आलं नाही.

मी उठून गेले नाही. घरी परतण्यासारखं काही नव्हतं, आणि मला शिकायचं होतं. पडवीत राहून मी दोन महिने शिकले.

पाचव्या दिवशी बाईंनी नाळेचं शिकवलं. विळा, कात्री, बांबूची कामटी, काहीही असो, उकळत्या पाण्यात ठेवल्याशिवाय नाळेला लावायचं नाही. नाही उकळलं तर पोराला धनुर्वात होतो. तोंड मिटतं, दूध ओढत नाही, अंग मागे ताणतं, आठव्या दिवसाच्या आगेमागे पोर जातं.

मी गज धरून उभी राहिले. आमच्याकडे असं पोर गेलं की सटवाईने नेलं म्हणायचे. ती पोरं कधी कुणी सुइणीच्या नावावर घातली नव्हती. मीही घातली नव्हती. माझा विळा सासूचा होता. तिने गवतही त्याच विळ्याने कापलं होतं.

पाचव्या दिवशी मला माझा खरा आकडा कळला. तो मी कुणाला सांगितला नाही. इथेही लिहिणार नाही.

आणि मग गोदाक्का आठवली. ती पहिल्या दिवशी गेली होती. विळा कमरेला खोचून.

तेव्हाच माझे डोळे उघडायला हवे होते. नाही उघडले. माझी परीक्षा चांगली झाली. दवाखान्याचे डॉक्टर व्यवहारी माणूस. झोपडीत शिरायला, बाळंतिणीला हात लावायला, गावच्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलायला त्यांना कुणीतरी हवं होतं. पुढे काही वर्षांनी मला मदतनीस म्हणून घेतलं. दवाखान्याच्या मागे खोली मिळाली. बाई खुर्चीवर बसून सांगायच्या, मी टोपली आणि कापडी बाहुली घेऊन करून दाखवायची. टोपली म्हणजे आईचं पोट. बाईंना सुइणींना हात लावायचा नसे. सुइणींचे हात धरून शिकवायची ती मीच.

आणि पहिल्या दिवशी फळ्यावर आकडे लिहायची तीही मीच.

सहा वर्षं. सहा वेळा. बाई विचारायच्या, मी लिहायची. तिसऱ्या वर्षी बाई आजारी होत्या, तेव्हा विचारलंही मीच. एकजण रडत काहीतरी सांगायला लागली. घरात नवऱ्याने दार लावून घेतलं होतं, असं काहीसं. मी म्हटलं, "कारणं नकोत. आकडा सांगा."

मी तिला "सांगा" म्हटलं होतं. बाई मला "सांग" म्हणाल्या होत्या. मला तेव्हा वाटलं, एवढा फरक पुरे आहे.

शहरात त्या वर्षांत शाळांतून सगळ्या जातींची मुलं एकत्र बसवायची की नाही ह्यावर सभा होत होत्या. काही ठिकाणी बसायलाही लागली होती. आमच्या वर्गाला पडवी होतीच. दर वर्षी माझ्यातली एखादी यायची, मी तिला पाट द्यायची आणि खिडकीची जागा दाखवायची. "इथून ऐकू येतं," सांगायची. चांगली जागा दाखवली म्हणून मला बरंही वाटायचं.

गेल्या वर्षी पूर्णगडहून पारू आली होती. खारवीण. नवरा मचव्यावर. हिने किनाऱ्यावरच्या चार वाड्यांची बाळंतपणं अंगावर घेतलेली. मोठ्या आवाजाची, हसरी. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं. पारूने खरं सांगितलं, "चार." मी लिहिलं. कुणीतरी फसकन हसलं.

पारूने फळ्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. शेजारणीला विचारलं, "ह्यां काय लिवलान?" शेजारणीने सांगितलं.

पारू उठली. "मी हितं लाज विकूक नाय आलंय," म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालती झाली.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "शिकायलाही लायकी लागते."

मी तिचं नाव पुसलं. चाराचा आकडा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. कुणाचा ते कळत नव्हतं.

यंदाच्या दिवाळीनंतर मी बाजारात सुकी मासळी घ्यायला गेले. रांगेत बसलेल्या बायकांतून हाक आली.

"ओ फळ्यावाल्या बाय!"

पारू होती. पुढ्यात बोंबील, कोलीम. आजूबाजूच्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या.

"आनखी दोन झाली," पारू म्हणाली. "चार नि दोन सा. चढवा फळ्यावर."

मी खाली बसले. "कशाने गेली?"

"अंग आवळून. आठव्या दिशी."

"नाळ कशाने कापलीस?"

"कशान म्हंजे? विळ्यान."

"उकळला होतास?"

पारू शेजारणीकडे वळून हसली. "आयकलांस? विळा काय रताळां हाय, उकळूक?"

शेजारणीही हसल्या. मी हसले नाही. मी सांगितलं. चुलीवर पाणी ठेवायचं, खळखळ आलं की विळा आत टाकायचा, पेज शिजायला लागते तेवढा वेळ ठेवायचा, मग त्याला फक्त धुतलेल्या हातांनी शिवायचं. नाळ बांधायचा दोराही तसाच उकळायचा. एवढं केलं की आवळून जाणारी पोरं राहतात.

पारूचा हात बोंबलांवरच थांबला.

"एवढांच?"

"एवढंच."

"येवढ्यासाठी दोन म्हयने?"

"ह्याला अर्धा तास लागतो."

मग तिने विचारलं, ओरडून नव्हे, "मग ह्यां पयल्या दिशी का नाय सांगितलांत?"

पाचव्या दिवशी शिकवायचं ठरलेलं होतं, हे त्या बाईला काय सांगणार होते? पहिल्या दिवशी आम्ही तिचे मेलेले मोजत होतो. मोजून झाल्यावर ती आणखी दोन पोरं घालवायला घरी गेली, आणि आम्ही तिला लायकी नाही म्हणालो.

मी बोंबील मागितले. पारू म्हणाली, "जा बाय. गिऱ्हाईकां उबी हायत." माझ्या मागे कुणीच उभं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी सहा वर्षांतल्या उठून गेलेल्या बायका आठवत काढले. दर वर्षी एक, कधी दोन. सगळ्या पहिल्या दिवशीच गेल्या. नंतर गेलेली एकही आठवेना. ज्यांना अब्रू होती त्या गेल्या, आणि गावात जिला अब्रू असते तिलाच लोक बाळंतपणाला बोलावतात. म्हणजे जिला शिकवायची सगळ्यांत जास्त गरज, तिलाच आम्ही हाकलत होतो. पहिला दिवस असा एकच असतो की त्या दिवशी सगळ्याजणी समोर असतात. तो आम्ही फुकट घालवत होतो. माझ्या अक्षरात.

म्हणून त्या रविवारी मी बाईंना म्हटलं, आकडे नकोत. आणि त्यांनी मला परवाची धमकी दिली.

सारवून झाल्यावर मी हात धुतले आणि विचार केला. खोली जाईल. काम जाईल. चाळिशी उलटलेल्या माझ्यासारखीला दुसरं कोण ठेवणार? गावी परत गेले तर खोताचा गोठा आहेच. ह्या सगळ्याचा विचार मी एकदाच केला, नीट केला, आणि संपवला. मग धर्मशाळेत गेले. आत उतरलेल्या सुइणींना दारातून सांगितलं, "उद्या नऊला नको. दिवस उगवताच या. आपापला विळा घेऊन या." माझ्यातल्या दोघी माझ्याच खोलीत उतरल्या होत्या. त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

सोमवारी उजाडताना मी अंगणात चिऱ्याचे दगड लावून दोन चुली पेटवल्या. एकीवर पेजेचं मडकं, दुसरीवर पाण्याचं पातेलं. बायका आल्या. मी सगळ्यांना आत घेतलं. माझ्यातल्या दोघी मधोमध बसल्या, कारण मी तिथे बसवल्या.

एक भंडारीण दारात थांबली. "ह्या आत बसायच्या?"

"बसायच्या."

"मग आमी खंय बसायचां?"

"आतच. नसेल चालत तर पडवी रिकामी आहे. मी तिथे बसून शिकलेय. ऐकू छान येतं. दिसत नाही काही."

ती आणि तिच्याबरोबरची एक, दोघी पडवीत जाऊन बसल्या. मी थांबवलं नाही. मी प्रत्येकीला गाव विचारलं, घरचं विचारलं, पहिलं बाळंतपण कुणाचं केलं ते विचारलं. मग विचारलं, नाळ कशाने कापता? विळा, विळा, कोयती, कामटी. सगळ्यांना अंगणात नेलं. एकेकीचा विळा पातेल्यात गेला. पेज शिजेपर्यंत सगळ्याजणी चुलीभोवती उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात मी सांगितलं की हे कशासाठी. पोर आवळून का जातं ते सांगितलं. पडवीतली एक मधेच उठून आमच्यात आली. भंडारीण आली नाही.

चुलीपाशी उभी असलेली एक म्हातारी पातेल्याकडे बघत म्हणाली, "म्हंजे माजी ती..."

"माझीही," मी म्हटलं. "आकडा कुणी सांगायचा नाही. पुढचं वाचवायचं."

म्हातारी चिऱ्यावर बसली. मी तिला पेज दिली. मग प्रत्येकीने हात धुऊन आपला विळा चिमट्याने काढला, उकळलेल्या फडक्यात गुंडाळला आणि मला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगून दाखवलं. जिला जमलं नाही तिच्याकडून दोनदा घेतलं. पडवीत जाऊन भंडारणीकडूनही घेतलं. ती रागाने बोलली, पण बरोबर बोलली.

नऊ वाजता बाई आल्या, मागे कमिटीच्या तिघी. बाईंनी कोरा फळा पाहिला. मग मधोमध बसलेल्या दोघी पाहिल्या.

"ह्या आत कशा?"

"चालत आल्या."

"आणि आकडे?"

"नाहीत."

"मी काल तुला काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. माझ्या लक्षात आहे."

बाईंनी डॉक्टरांकडे माणूस धाडला. कमिटीच्या बायका एकमेकींकडे पाहत उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. वर्गातल्या बायकाही माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांना बाईंच्या समोरच सांगितलं, म्हणजे नंतर कुणी वेगळं सांगायला नको.

"मला बहुतेक आज काढतील. दोन महिन्यांचं पुढचं बाई शिकवतील, ते शिकून घ्या, ते चांगलं आहे. मला काढलं तर मी टोपली आणि पातेलं घेऊन गावं फिरेन. उद्या पूर्णगडला जाईन, मग हेदवीला. प्रत्येक गावात एकच दिवस राहीन, आणि तो पहिला दिवस असेल."

मग मी अंगणात जाऊन चुलीत लाकूड सारलं. दोघीजणींचे नाळ बांधायचे दोरे उकळायचे राहिले होते.